परतीची जीप

ज्या सिनेमानं आमच्या महालिंगअप्पांना पळपुटा ठरवलं, तो मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा सगळ्या गावाबरोबर मंगल कार्यालयात, आणि दुसऱ्यांदा एकटीनं, अप्पा गेल्यावर. इतक्या भिकार सिनेमानं एका माणसाचं एवढं करावं, हे मला अजूनही खरं वाटत नाही.

पण सिनेमाचं नंतर. आधी अप्पा.

मी लग्न होऊन सिरसाळ्यात आले तेव्हा शेजारचं घर अप्पांचं. लिंगायताचं घर, पिढ्यान्‌पिढ्या किराणा. सगळे भाऊ दुकानात बसायचे आणि अप्पांनी मात्र तरुणपणीच तागडी सोडून फौजेत ड्रायव्हरकी धरली होती. कारण विचारलं की म्हणायचे, "आमच्या घरात गूळ तोलायला चार जण व्हते, गाडी हाकायला येक बी न्हवता." फौजेतून सुटल्यावर त्यांनी एक जुनी जीप घेतली आणि सिरसाळा ते परळी काळी-पिवळी सुरू केली. माझी शाळा परळीच्या अलीकडे, त्यामुळे वर्षानुवर्षं मी त्यांच्याच गाडीतून गेले-आले.

अंगानं ठेंगणे, छातीनं रुंद. कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची करंडी आणि अंगात इस्त्रीचा खाकी सदरा. परळीच्या वीजकेंद्रातून राख वाहणाऱ्या ट्रकांनी सगळा रस्ता पांढरा केलेला असायचा, पण अप्पांच्या जीपच्या काचेत तोंड बघून भांग पाडावा. हॉर्न क्वचित वाजवायचे. पुढं म्हैस आडवी आली तर गाडी थांबवून तिचं होईस्तोवर बघत बसायचे. आम्हाला शाळेला उशीर, म्हैस निवांत आणि अप्पा तिच्याहून निवांत.

त्यांची खरी खोड म्हणजे मुंडकी मोजणं. स्टँडवरच्या बाकीच्या गाड्या माणसं कोंबायच्या, टपावर पोरं चढवायच्या. अप्पा ठरलेली माणसं घ्यायचे, आणि निघण्याआधी मागं वळून अंगठ्यानं बोटांची पेरं धरत मोजायचे. वाटेत कोणी पाणी प्यायला, पान खायला, आडोशाला उतरलं की परत मोजणी. एक जरी कमी भरला तरी किल्ली काढून सदऱ्याच्या खिशात. मग गाडीतल्यांनी कितीही आरडाओरडा करावा. "अप्पा, येईल की तो मागच्या गाडीनं," कोणी म्हणालं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "माझ्या गाडीत बसलाय, माझ्याच गाडीतून उतरंल."

एकदा एका वऱ्हाडानं त्यांची जीप केली. लग्न परळीत, मुहूर्त दुपारचा. वाटेत एका फाट्यावर नारळ घ्यायला गाडी थांबली आणि परत सगळे बसले तेव्हा अप्पांनी मोजलं तर एक कमी. किल्ली खिशात गेली. वधूपिता आधी हात जोडून झाला, मग आईमाईवर आला. मुहूर्त टळला तर भरून देशील का, म्हणाला. अप्पा ढिम्म. पंधरा मिनिटांनी शेताच्या बांधावरून धोतर सावरत एक म्हातारा पळत आला, तो नवरीचा मामा. ज्यानं नवरीला बोहल्यावर न्यायचं त्यालाच सगळं वऱ्हाड विसरून निघालं होतं. वधूपिता पुढं परळीपर्यंत चकार शब्द बोलला नाही. अप्पांनीही त्याला काही ऐकवलं नाही. ही गोष्ट गावात सांगितली ती त्या मामानंच.

माझं स्वतःचंही एक आहे. शाळेनं मला एकदा परळीला मीटिंगला पाठवलं होतं. जाताना अप्पांच्या गाडीतून गेले आणि उतरताना सवयीनं म्हणाले, "येते हो परतीला." मीटिंग लांबली. मी वैतागून बाहेर आले ती एसटीच्या विचारात, तर समोर लिंबाखाली रिकामी जीप आणि बॉनेटला टेकलेले अप्पा. बाकीच्या सवाऱ्या केव्हाच दुसऱ्या गाड्यांनी गेल्या होत्या. मी ओशाळून म्हटलं, "अप्पा, कशाला थांबलात?" तर ते म्हणाले, "मोजून नेलत्या, बाई." आणि माझ्यासाठी पुढचं दार उघडलं.

हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय. पुढं मी काय केलं ते कळल्यावर वाचणाऱ्यानं हे आठवावं.

फौजेत अप्पा ज्यांची गाडी चालवायचे ते साहेब साऱ्या देशाला माहीत आहेत. मी त्यांचं नाव लिहीत नाही, कारण अप्पांनी ते कधी उच्चारलं नाही. ते नुसतं "साहेब" म्हणायचे. साहेबांच्या नावाचे चौक आहेत, शाळेच्या पुस्तकात धडा होता, आणि तो धडा मी कैक वर्षं शिकवला. लढाईत शत्रूनं डोंगरावरचं ठाणं घेरलं, तेव्हा 'जखमींना जीपमधून खाली पाठवून ते स्वतः मात्र ठाण्यावरच थांबले', असं त्यात वाक्य होतं. साहेब तिथंच पडले. जीप कोण चालवत होतं हे धड्यात नव्हतं, पण सिरसाळ्यातल्या शेंबड्या पोरालाही ते पाठ होतं.

आणि एवढं असून अप्पांच्या तोंडून लढाईची गोष्ट कोणी ऐकली नव्हती. पंधरा ऑगस्टला शाळेत पाहुणे म्हणून अप्पा ठरलेले. पोरं जीव कानात आणून बसायची. अप्पा उभे राहायचे, टाचा जुळवायचे आणि दर वर्षी तेच भाषण करायचे, "साहेब चांगले व्हते. जेवायच्या आदी जवान जेवले का इचारायचे. गाडी सोच्छ लागायची." आणि बसायचे. आम्ही शिक्षक हसू दाबायचो. एका वर्षी हेडमास्तरांनी त्यांना थोडं वाढवून बोला म्हणून विनवलं, तर अप्पांनी त्यात "टायरात हवा बी बराबर लागायची" एवढी भर घातली.

आता सिनेमा. तो गावात आणला माझ्याच मुलीनं. ज्योती पुण्याला नोकरीला असते. तिला कुठंतरी सापडलं की परदेशातल्या तीन-चार मित्रांनी मिळून आपल्या साहेबांवर सिनेमा केलाय. देश युरोपातला, नाव मला आजही धड उच्चारता येत नाही. पैसा नाही, ओळख नाही, कुठंतरी साहेबांबद्दल वाचलं आणि भारावून गेले म्हणे. हिंदीत आवाज भरलेला होता. ज्योतीनं तो हौसेनं गावाच्या ग्रुपवर टाकला आणि गाव पेटलं. आपल्या साहेबांवर गोऱ्यांनी सिनेमा काढला, म्हणजे त्यात आपले अप्पा असणारच. सरपंचांनी ठरवलं की आधी कोणी बघायचा नाही, पंधरा ऑगस्टला झेंडा झाला की मंगल कार्यालयात सगळ्यांनी मिळून बघायचा. लोकांनी ते पाळलंही.

खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला. अप्पांना शाल, श्रीफळ, फेटा. पहिल्या रांगेत मधोमध त्यांची खुर्ची, शेजारी त्यांच्या बायकोची. तिला आम्ही अक्का म्हणतो. त्यांच्या मागच्याच रांगेत मी.

सिनेमा बघून आधी हसूच लोटलं. आमचे साहेब गोरेपान, मिशीचं एक टोक सारखं सुटायचं. बर्फाच्या जागी मीठ पसरलंय असं वाटावं. शत्रूचे सैनिक मोजून सहा, तेच मरायचे आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा चालून यायचे. त्यातला एक तिरळा होता, तो दिसला की पोरं ओरडायची, "मेलेला परत आला." अप्पाही हसत होते. अक्कांना सांगत होते की अशा मळक्या बुटात साहेबांनी मला उन्हात उभं केलं असतं. मग पडद्यावर जीप आली आणि अप्पा खुर्चीतून पुढं झुकले. "हीच," म्हणाले. "हीच गाडी व्हती." सगळ्या खोट्यात तेवढी जीप खरी होती.

जखमींना तिच्यात चढवलं. साहेबांनी बॉनेटवर थाप मारली. ड्रायव्हर म्हणून एक किडमिडा पोरगा होता. त्यानं घाबरून मागं पाहिलं, गियर टाकला आणि जीप वळणाआड गेली. कार्यालयात टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या, कोणीतरी "महालिंगअप्पा की जय" म्हटलं.

मग सिनेमा साहेबांवरच थांबला. ते भिंतीला टेकून बसलेत, पोटातून रक्त येतंय आणि डोळे रस्त्यावर. रिकामा रस्ता. पुन्हा साहेब, पुन्हा रस्ता. वायरलेसवाल्याला ते विचारतात, "गाडी आयी?" तो म्हणतो, "नहीं आयी, साब." पुन्हा रस्ता. "गाडी आयी?" "नहीं आयी, साब." तिसऱ्यांदा साहेबांचे नुसते ओठ हलतात. आणि संपलं. झेंडा, गाणं, अक्षरं.

सतरंज्या काढल्या, ऊन आत आलं, तरी कोणी उठेना. कार्यक्रमपत्रिकेत पुढं अप्पांचं भाषण होतं. सरपंचांनी माइक हातात घेतला, अप्पांकडं पाहिलं आणि म्हणाले, "जिलबी घेऊनच जा सगळे." संपलं. अप्पा शाल अंगावर तशीच घेऊन बसून राहिले. पोरं जिलबी घेऊन त्यांच्यासमोरून गेली, पण एकही पाया पडायला वाकलं नाही. सकाळी हीच पोरं त्यांच्या पायाशी झोंबत होती.

मला धक्का बसला तो गावाचा. ज्या सिनेमाला दीड तास खोटा म्हणून हसले, त्याच्या शेवटच्या पाच मिनिटांवर लोकांनी विश्वास ठेवला. स्टँडवर बोलणं सुरू झालं, "म्हनूनच लढाईचं कदी सांगत न्हवतं म्हातारं." कोणी म्हणालं, "मुंडकी कावून मोजत व्हता ते कळलं आता. पाप खात व्हतं मनाला." त्यांचं एकेक चांगलं वागणं लोकांनी काढून त्यांच्याचविरुद्ध उभं केलं.

आणि मी? मी त्यांची शेजारीण, मोजून नेलेली. त्या संध्याकाळी ओट्यावर बसलेल्या अप्पांना पाहून माझ्याही मनात आलं, असेल का तसं? दोन दिवस ते डोकं कुरतडत राहिलं. तिसऱ्या दिवशी वाटीभर खीर न्यायच्या निमित्तानं मी त्यांच्याकडं गेले आणि हलक्या आवाजात विचारलं, "अप्पा, तुम्ही परत गेला होतात ना?"

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त आत वळून म्हणाले, "आगं, बाईंना च्या टाक." माझी मला इतकी लाज वाटली की तो चहा मी कसा प्यायले ते आठवत नाही.

त्या दिवसापासून अप्पांनी स्टँडवर जाणं सोडलं. गाडी चालवणं वयामुळं कधीच थांबलं होतं, पण रोज सकाळी ते बाकावर बसून दुसऱ्यांच्या गाड्यांतली माणसं मोजायचे आणि निघताना बॉनेटवर दोन थापा मारायचे. ड्रायव्हर पोरांना त्याची सवय झाली होती. आता बाक रिकामा. अक्का म्हणायच्या, जेवतात, झोपतात, पण ओट्यावर बसून रस्त्याकडंच बघत राहतात.

मी ज्योतीला फोन केला आणि जन्मात बोलले नसेन तसं बोलले. तिला म्हटलं, तू आणलंस, आता तूच निस्तर. तिनं त्या दिग्दर्शकाचा पत्ता काढला, सगळं सविस्तर लिहिलं आणि विचारलं, ड्रायव्हर परत आला नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं?

उत्तर यायला थंडी पडली. ज्योतीनं ते मराठीत करून पाठवलं. पत्र आनंदानं ओसंडत होतं. ड्रायव्हर हयात आहेत हे वाचून आम्हाला रडू आलं, असं लिहिलं होतं. मग पुढं असं, की पलटणीच्या पुस्तकात सगळं आहे. तो ड्रायव्हर चालू तोफांतून परत वर गेला आणि वरच्या पाचही जणांना, म्हणजे त्यांच्या देहांना, खाली घेऊन आला. आम्ही तो प्रसंग लिहिलाही होता. पण तशी जुनी जीप आमच्याकडं एकाच माणसापाशी होती आणि ती एका दिवसापुरती भाड्यानं मिळाली होती. त्या दिवशी पाऊस लागला, जाण्याचंच चित्रण कसंबसं झालं. दुसऱ्या दिवशी मालकानं जीप एका लग्नाला दिली. मग आम्ही परत येण्याचा प्रसंग सोडून दिला. तरी शेवट इतका परिणामकारक झाला की लोक रडतात, म्हणून तो तसाच ठेवला.

मी ते तीनदा वाचलं. कोणी द्वेष केला नव्हता, कोणी कट केला नव्हता. एका जीपला लग्नाला जायचं होतं, म्हणून आमच्या अप्पांची अब्रू गेली. मी तशीच मोबाईल घेऊन शेजारी गेले आणि सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. अक्का पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

अप्पा म्हणाले, "गाडी दुसऱ्याची व्हती का?"

"हो."

"मंग काय करतेत बिचारे. मालकानं किल्ली मागितली की द्याच लागती."

मला वाटलं, एवढ्यावर संपलं. पण ते बोलतच राहिले, आणि त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ते ऐकलं. सहा जखमी घेऊन ते खाली आले होते. वरिष्ठ म्हणाले, थांब, रस्त्यावर गोळे पडतायत. अप्पा म्हणाले, वर पाच माणसं राहिलीत. "गेलतो, बाई. साहेब भितीला टेकून बसलेले. त्वांड रस्त्याकडं. हात लावला तर आंग गरम व्हतं. पाचीला घातलं गाडीत. मोजून आनलं."

मी म्हटलं, "अप्पा, हे तुम्ही गावाला आधीच सांगितलं असतं तर?"

"गावाचं न्हाई वो काई." त्यांनी हात झटकला. "त्यात साहेब इचारतेत, गाडी आली का. तीनदा इचारतेत. ते ह्या लोकांला कुनी सांगितलं?"

तेव्हा मला उमगलं. महिनोन्‌महिने मला वाटत होतं की म्हातारा गावाच्या बोलण्यानं खचलाय. गाव त्यांच्या खिजगणतीतही नव्हतं. पन्नासहून जास्त वर्षं जे त्यांना माहीत नव्हतं, ते सिनेमानं त्यांना दाखवलं होतं, की साहेबांनी वाट पाहिली आणि ड्रायव्हर येत नाही असं समजून डोळे मिटले. मी म्हटलं, अप्पा, सिनेमाच तो, बनवलं असेल त्यांनी. वरचे पाचही गेले, मग ऐकलं कोणी? तर म्हणाले, वायरलेसवर बोलले असतील, खालच्यांनी ऐकलं असेल. "जीप जाताना खरी दावली. मंग हे कावून खोटं आसंल? तुमी इचारून घ्या, बाई."

ज्योतीनं त्याच दिवशी दुसरं पत्र पाठवलं. तेवढा एकच प्रश्न.

सव्वीस जानेवारीला सरपंचांनी झेंड्याखाली पहिलं पत्र वाचून दाखवलं. लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या, काही बाया रडल्या, पोरांनी पाया पडायला रांग लावली. स्टँडवर बोलणाऱ्यांपैकी दोघं माझ्यासमोर अप्पांना म्हणाले, आमाला ठाऊकच व्हतं. अप्पांनी टाचा जुळवून आपलं जुनं भाषण केलं. साहेब, जवानांचं जेवण, स्वच्छ गाडी. खाली बसले आणि माझ्याकडं बघून त्यांनी भुवया उंचावल्या. मी मान हलवली, अजून नाही.

मग ते पुन्हा बाकावर बसू लागले. गावाला वाटलं, अप्पा पूर्वीसारखे झाले. मी समोर दिसले की तीच उंचावलेली भुवई आणि माझी तीच हललेली मान. पुढं पुढं मी दुसऱ्या गल्लीनं जाऊ लागले, हेही सांगून टाकते.

फाल्गुनात ज्योतीच्या बाळंतपणासाठी मी पुण्याला गेले. तिथंच अक्कांचा फोन आला, अप्पा लिंगैक्य झाले. दुपारी ओट्यावर बसल्या बसल्याच गेले. बाळ पाच दिवसांचं होतं, मला निघता आलं नाही. आणि त्यानंतर आठवड्याच्या आत दिग्दर्शकाचं उत्तर आलं. दोन ओळींचं. उशिराबद्दल माफ करा, दुसऱ्या सिनेमात अडकलो होतो. ते वाक्य कोणी सांगितलेलं नाही, आमचंच आहे, जीप नसल्यामुळं तिथं काहीतरी घालावं लागलं.

ते पत्र मी सिरसाळ्याला आल्यावर अक्कांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं आणि मला विचारलं, आता कुणाला सांगायचं हे?

मी अप्पांना शेवटचं पाहिलं ते पुण्याला निघाले त्या सकाळी. परळीहून रेल्वे धरायची होती. काळी-पिवळीत खिडकीजवळ बसले. बाकावरून अप्पा उठून आले. काठी टेकत टेकत आधी त्यांनी अंगठ्यानं बोटांची पेरं धरत सगळ्यांना मोजलं, मलाही मोजलं. मग खिडकीशी वाकून त्यांनी हळूच विचारलं, "पत्र आलं का, बाई?"

"नाही आलं, अप्पा," मी म्हटलं.

म्हटलं, आणि माझे शब्द माझ्याच कानांवर पडले. हे मी कुठं ऐकलंय ते आठवलं, सिनेमातल्या त्या वायरलेसवाल्याच्या तोंडून. काहीतरी बोलून ते पुसून टाकावं असं फार वाटलं, पण अप्पांनी मान डोलावली, पुढं जाऊन बॉनेटवर दोन थापा मारल्या, आणि गाडी निघाली. मी मागच्या काचेतून पाहिलं. ते रस्त्याच्या मधोमध उभे होते, गाडीकडं तोंड करून. वळण येईपर्यंत दिसत होते.